‘उच्चशिक्षित असूनही’ एवढे दोन शब्द काढा

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

मागच्या रविवारी तुमच्याकडे आतल्या पानावर एक बातमी होती, एका रिटायर्ड प्राध्यापक बाईंना तोतया पोलिसांनी व्हिडिओ कॉलसमोर दोन दिवस बसवून ठेवलं आणि आयुष्यभराची पुंजी काढून घेतली. बातमी चार इंचाची, पण हेडिंग जाड, आणि त्या हेडिंगची सुरुवातच ‘उच्चशिक्षित असूनही’. लिहिणारा पोरगा असेल पंचवीस-सव्वीस वर्षांचा, त्याच्या मनात काही वाईट नसणार, सगळेच असं लिहितात म्हणून त्याने पण लिहिलं. पण मला ते दोन शब्द दिवसभर टोचत राहिले, म्हणून हे पत्र. लांबलं तर खुशाल कात्री लावा, फक्त एका जुन्या इंग्रजी सिनेमाबद्दलचा भाग ठेवा कारण माझं म्हणणं सगळं त्यातच अडकलंय.

सिनेमाचं नाव ‘हाऊस ऑफ गेम्स’, १९८७ चा. डेव्हिड मॅमेट म्हणून अमेरिकेतले नामांकित नाटककार, जमिनी गळ्यात मारणाऱ्या सेल्समन लोकांवरच्या नाटकाला त्यांना १९८४ साली पुलित्झर पारितोषिक मिळालं होतं, त्यांनी दिग्दर्शन केलेला हा पहिलाच सिनेमा. भाच्याने पेनड्राइव्हमध्ये आणून दिला आणि म्हणाला मामा तुम्ही बघाच. का बघाच ते बोलला नाही पण मला कळलं. त्याच्या आधी चार महिने माझ्याबाबतीत जे झालं होतं ते घरात सगळ्यांना माहीत होतं, तोंडावर कुणी काढत नव्हतं एवढंच.

पुढे शेवटासकट सगळं सांगणार आहे, ज्यांना कोरा बघायचाय त्यांनी पत्र बाजूला ठेवा.

तर मार्गारेट फोर्ड नावाची मानसोपचार डॉक्टर आहे, लिंडसे क्राउसने काम केलंय. हुशार बाई, माणसाला व्यसन कसं लागतं, मन कसं ओढलं जातं यावर तिने पुस्तक लिहिलंय आणि ते धडाक्यात खपलंय, रस्त्यात लोक थांबवून सही मागतात. तिचा एक पेशंट आहे, जुगारी पोरगा. एक दिवस तो पिस्तूल काढून म्हणतो की पंचवीस हजार डॉलर देणं झालंय, नाही दिले तर मला मारतील, त्यापेक्षा मीच मरतो. बाई पिस्तूल काढून घेते, मी बघते म्हणते, आणि रात्री एकटी जाते त्या अड्ड्यावर. तिथे माईक भेटतो (जो मँटेना, काय काम केलंय त्या माणसाने, बघताना आपल्यालाच तो आवडायला लागतो आणि नंतर आपलीच लाज वाटते). माईक वही दाखवतो, बघा बाई, पंचवीस हजार कुठले, आठशे आहेत. तेही सोडतो, पण माझं एक काम करा.

काम काय, तर आत पत्त्यांचा डाव चालू आहे, समोर लास वेगासचा एक खेळाडू. माईक म्हणतो, तो थाप मारत असला की बोटातली अंगठी फिरवतो, मात्र मी सावध झालोय हे त्याला कळलंय म्हणून माझ्यासमोर करत नाही. मी मध्येच उठून जाईन, तुम्ही माझी मैत्रीण म्हणून बसा आणि नजर ठेवा, तुम्ही तर माणसं वाचता, तुमचा धंदाच आहे तो. झालं. बाईला याच्याहून गोड वाक्य कुणी आयुष्यात बोललं नसेल. माईक उठतो, समोरचा अंगठी फिरवतो, बाई माईकला सांगते थाप आहे, माईककडे पैसे कमी पडतात, बाई म्हणते सहा हजार मी भरते. पत्ते उघडतात तर समोरच्याचा हात भारी. मग आरडाओरडा, पिस्तूल टेबलावर, बाई चेकबुक काढते आणि लिहिता लिहिता तिला दिसतं की त्या पिस्तुलातून पाणी गळतंय. खेळण्यातलं पिस्तूल! चेक काही ती देत नाही. नाटक फसतं, भामटे आपापसात भांडतात की पाणी कशाला भरलंस गाढवा, आणि मग सगळे हसतात, ती पण हसते, चहापाणी केल्यासारख्या गप्पा होतात.

इथे मी सिनेमा थांबवला आणि गॅलरीत जाऊन उभा राहिलो.

कारण लोकांना वाटतं सावज म्हणजे ज्याला काही कळत नाही तो. चूक. चांगलं सावज म्हणजे ज्याने एक छोटी चोरी पकडलीय तो. या बाईने पाणी गळताना पाहिलं आणि त्या क्षणापासून तिला वाटायला लागलं की यांचं मला सगळं समजतं, मी आता प्रेक्षक नाही, मी आतली आहे. ती दुसऱ्या दिवशी स्वतःच्या पायाने परत जाते, तुमच्या धंद्यावर पुस्तक लिहायचंय म्हणते. पिस्तूल खरंच चुकून गळलं की मुद्दाम गळतं ठेवलं होतं, याचं उत्तर सिनेमा सरळ देत नाही. मी तीनदा पाहिला, माझं मत मुद्दाम. आमच्या हिचं मत चुकून, कारण हिच्या मते पुरुष एवढा पुढचा विचार करत नाहीत.

आता माझं सांगतो. मी बँकेत ३१ वर्षं काढली, त्यातली शेवटची नऊ इन्स्पेक्शनला. खोटं व्हाउचर मी वासावरून ओळखायचो असं ब्रँचमधली पोरं म्हणायची आणि ते ऐकून मला बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू. रिटायर झाल्यावर दीड वर्षाने एका मंगळवारी सकाळी फोन आला की तुमच्या नावाचं पार्सल विमानतळावर अडवलंय, आत पासपोर्ट आहेत आणि अमली पदार्थ आहेत. मी हसलो. म्हटलं अहो हे सगळं मी पेपरात वाचलंय, फ्रॉड आहे हा. तर समोरचा काय म्हणावा? म्हणाला, शाब्बास काका, बरोबर आहे तुमचं, असे फ्रॉड फार चाललेत, म्हणूनच आम्ही व्हिडिओवर येतो, ओळखपत्र बघा, खात्री करा, मगच बोला. आता बघा, हे माझं गळकं पिस्तूल. मी ओळखपत्राचा फोटो मागितला, त्याने पाठवला. मी बक्कल नंबर विचारला, त्याने दिला. पत्राचा जावक क्रमांक विचारला, तोही होता. मी एकेक प्रश्न विचारत गेलो, तो उत्तर देत गेला आणि प्रत्येक उत्तराबरोबर मी जास्त अडकत गेलो, कारण तपासणी मी करत होतो ना! इन्स्पेक्शन चाललं होतं माझं. त्याला काही विचारावंच लागलं नाही.

मग दुसरा माणूस लाइनवर आला, वरिष्ठ. मराठीच, बोलणं साताऱ्याकडचं वाटलं. त्याने जे केलं ते समजायला मला सिनेमातला अजून एक सीन बघावा लागला. माईक डॉक्टरीणबाईला तार-मनिऑर्डरच्या ऑफिसात घेऊन जातो, आपल्याकडे पूर्वी तारेने पैसे यायचे तसलं ऑफिस. तिथे एक सैनिक पोरगा घरून पैसे यायची वाट बघत बसलाय. माईक पण बसतो, मी पण पैशाचीच वाट बघतोय म्हणतो, आणि गप्पांत सहज म्हणतो, माझे पैसे आधी आले ना, तर मी तुला तिकिटापुरते देतो, तू तुझ्या तळावर वेळेत पोच. बास. एवढंच. मग अर्थातच पोराचे पैसे आधी येतात आणि पोरगा स्वतः होऊन म्हणतो, साहेब, तुम्हाला किती लागतात? माईकचं बाईला सांगणं असं की या धंद्याला विश्वासाचा खेळ म्हणतात, पण तो तू माझ्यावर विश्वास ठेवतेस म्हणून नव्हे, मी आधी माझा विश्वास तुझ्यावर टाकतो म्हणून.

मी हे वाक्य ऐकलं आणि हिला हाक मारली. कारण माझा तो सातारकर साहेब मला म्हणाला होता, ‘तुमच्या आवाजावरून कळतंय तुम्ही सरळ माणूस आहात, माझे वडील पण बँकेतच होते. मी माझ्या जबाबदारीवर तुमचं नाव बाहेर काढतो, पण हे कुणाला बोलू नका, वर कळलं तर माझी नोकरी जाईल.’ माझी नोकरी जाईल! म्हणजे त्याने आधी स्वतःची मान माझ्या हातात दिली. आणि मी पुढचे सहा तास दार लावून बसलो ते फक्त घाबरून नाही हो, भीती होतीच, पण मी त्या माणसाची नोकरी वाचवत होतो. हिने दार वाजवलं तर मी हिला जरा कामात आहे म्हणून सांगितलं. पोलिसांनी नंतर विचारलं तुम्ही घरातल्यांना का नाही सांगितलं, तर मला याचं उत्तर देता आलं नाही. आता देता येतं.

पैसे ‘पडताळणीसाठी’ रिझर्व्ह बँकेच्या खात्यात टाका, दोन तासात परत येतील असं ठरलं. रिझर्व्ह बँक तुमच्या-आमच्यासाठी असलं कुठलंही खातं ठेवत नाही हे मी स्वतः नव्या पोरांना शिकवलेलं आहे, फळ्यावर लिहून. तीन लाख ऐंशी हजार. दोन हप्त्यात.

सिनेमातल्या बाईचे ऐंशी हजार डॉलर जातात. ते कसे जातात तो भाग मला जरा ओढलेला वाटला, हॉटेल, पैशाने भरलेली ब्रीफकेस, जाळ्यात ओढलेला माणूस पोलीस निघतो, झटापटीत तो मरतो, पळताना गाडी चोरावी लागते, ब्रीफकेस राहून जाते आणि त्यातले पैसे म्हणे गुंडांकडून उधार आणलेले, ते परत नाही केले तर माईक मेला. मग बाई स्वतः होऊन म्हणते, मी देते. स्वतः होऊन, सैनिकासारखं. खून अंगावर आलाय या भीतीने आणि माईकला वाचवायच्या ओढीने. आणि नंतर तिला तोच जुगारी पेशंट तीच चोरीची लाल गाडी चालवताना दिसतो आणि सगळा उलगडा होतो, पेशंट त्यांचाच, मेलेला पोलीस त्यांचाच, अंगठी फिरवणारा त्यांचाच. (अंगठीवाल्याचं काम रिकी जे यांनी केलंय, ते खरेखुरे हातचलाखीचे उस्ताद आणि ठकबाजीच्या इतिहासाचे अभ्यासक होते, २०१८ साली वारले. त्यांचे पत्ते हाताळणारे हात बघाच.) संवाद सगळे एका सुरात, पाठ केल्यासारखे बोलतात, सुरुवातीला वाटतं नट कच्चे आहेत, मग लक्षात येतं की या सिनेमात प्रत्येक जण कुणासमोर तरी पाठ केलेलंच बोलतोय.

शेवट मला पटला नाही. विमानतळावर बाई माईकला गोळ्या घालते, आणि नंतर सुट्टीवरून मस्त ताजीतवानी होऊन येते आणि हॉटेलात शेजारच्या बाईच्या पर्समधून सोन्याचा लायटर उचलते, चेहऱ्यावर आनंद. म्हणजे काय तर तिच्यात चोर आधीपासून होताच, भामट्यांनी तो फक्त बाहेर काढला. मॅमेटसाहेबांना हे फार खोल वाटत असेल. मला वाटलं हे फसलेल्या माणसावर अजून एकदा अन्याय केल्यासारखं आहे, ‘तिच्यातच खोट होती’ असं म्हणून मोकळं व्हायचं. आपल्या बातम्या पण हेच करतात, फक्त गोळ्या नसतात. ‘आमिषाला बळी’, ‘लोभापायी गमावले’, आणि ज्याला लोभ लावता येत नाही त्याला ‘उच्चशिक्षित असूनही’.

असूनही कशाला म्हणता? तिचं शिक्षणच तर हत्यार म्हणून वापरलं. मन वाचणाऱ्या बाईला मन वाचायला बसवून लुटलं, इन्स्पेक्शनवाल्याला इन्स्पेक्शन करायला लावून लुटलं. तुमच्या बातमीतल्या प्राध्यापक बाईंना काय करायला लावलं असेल मला माहीत नाही पण मी पैज लावतो की कागद वाचायला दिले असतील आणि त्यांनी ते नीट वाचले असतील.

हे आजचंच नाही. आपल्याकडे पानिपतात गेलेल्या सदाशिवरावभाऊंचं नाव घेऊन तोतया उभा राहिला, कोकणात त्याच्यामागे फौज जमली, किल्ले त्याच्या हाती गेले, शेवटी १७७६ साली त्याला पकडून मारला. त्याच्यामागे गेले ते सगळे अडाणी होते का? भाऊ परत यावेत असं वाटणारी माणसं होती ती. आणि दुसरं उदाहरण तर या सिनेमाच्याच वर्षातलं आहे, १९ मार्च १९८७, मुंबईत ऑपेरा हाऊसजवळचं त्रिभुवनदास भीमजी झवेरी. एका माणसाने पेपरात जाहिरात दिली की गुप्तचर अधिकारी पाहिजेत, पदवीधर हवेत, ताज हॉटेलात मुलाखती घेतल्या, २६ पोरं निवडली आणि सीबीआयची धाड म्हणून त्यांना घेऊन दुकानात शिरला. दागिने ‘नमुना’ म्हणून ताब्यात घेतले, पोरांना पहारा द्यायला ठेवलं आणि निघून गेला तो आजतागायत सापडलेला नाही. यावर २०१३ मध्ये हिंदी सिनेमा आला, लोकांनी शिट्ट्या मारल्या. मला मात्र नेहमी त्या २६ पोरांचं वाटतं, पदवीधर, इस्त्रीचे कपडे घालून, पहिल्या नोकरीचा पहिला दिवस, साहेबांनी विश्वासाने आपल्याला दुकान सांभाळायला ठेवलंय म्हणून ताठ उभी राहिलेली. सराफाच्या मालाचा हिशोब झाला, त्या पोरांचं काय गेलं ते कुठल्या पंचनाम्यात येणार? हेही बघा की दुकानदार पण विश्वास ठेवणारच होते, सव्वीस माणसं एका सुरात साहेब साहेब करताना खोटं कोण म्हणणार.

आता मुद्द्यावर येतो. हेडिंगने काय फरक पडतो असं तुम्ही म्हणाल. मला पडला. माझे पैसे गेले ते मंगळवारी संध्याकाळी पाच वाजता, आणि मला कळलं की फसलो ते साडेसात वाजता, जेव्हा तो नंबर लागेना. सायबर फसवणुकीसाठी १९३० हा नंबर आहे, मोबाइलवर कॉलर ट्यून वाजून वाजून कान किटले होते माझे, म्हणजे माहीत नव्हता असं नाही. जितक्या लवकर फोन कराल तितकी पैसे वाटेत कुठल्या तरी खात्यात गोठवता यायची शक्यता जास्त, कारण तो पैसा एका खात्यातून दुसऱ्या, दुसऱ्यातून दहा खात्यांत असा फुटत जातो, हे बँकवाल्याला तुम्ही सांगायची गरज नाही. आणि मी काय केलं? मी अकरा दिवस गप्प बसलो. अकरा! जेवलो, देवळात गेलो, वाढदिवसाला गेलो. डोक्यात एकच हेडिंग फिरत होतं, ‘निवृत्त बँक अधिकारी असूनही’. ब्रँचमधली पोरं वाचतील, ग्रुपवर टाकतील, खाली हसण्याचे इमोजी येतील. बाराव्या दिवशी हिला पासबुक सापडलं. मग पोलिसात गेलो तोवर खाती कधीच रिकामी झाली होती. ड्युटीवरचा हवालदार भला माणूस, म्हणाला काका त्याच रात्री आला असता तर काहीतरी हाताला लागलं असतं. आणि त्याने खाली वाकून, आवाज कमी करून विचारलं, शिक्षण किती तुमचं? फॉर्ममध्ये भरायला.

पंतप्रधानांनी २७ ऑक्टोबर २०२४ च्या ‘मन की बात’मध्ये स्पष्ट सांगितलं होतं की डिजिटल अरेस्ट, म्हणजे व्हिडिओ कॉलवर अटक करून बसवून ठेवणं, अशी कुठलीही गोष्ट कायद्यात नाही, थांबा, विचार करा, मग कृती करा. मी तो कार्यक्रम ऐकला होता. त्याच सुमाराला लुधियानाच्या एका मोठ्या उद्योगपतींचे सात कोटी गेले, त्यांना तर चक्क खोट्या सुप्रीम कोर्टात हजर केलं, खोटे सरन्यायाधीश बसवून. ती बातमी पण मी वाचली होती आणि मिशीत हसलो होतो. म्हणजे माहिती कमी पडली असं अजिबात नाही. ज्याची माहिती होती तो प्रकार वेगळा आणि माझ्याशी बोलणारा साताऱ्याचा माणूस वेगळा, असं वाटत होतं मला. प्रत्येकाला आपला माईक वेगळाच वाटतो.

म्हणून विनंती आहे. बातम्या द्या, भरपूर द्या, पण पद्धत द्या. त्या बाईंना पहिलं वाक्य काय बोलले, कुठल्या वाक्यावर त्यांना हा माणूस आपला वाटला, घरच्यांपासून लपवायला काय कारण दिलं, ते छापा, बाईंचं नाव-गाव न देता. ‘माझी नोकरी जाईल’ हे वाक्य जर मी तुमच्याकडे एकदा वाचलेलं असतं तर कदाचित मला पाणी गळताना दिसलं असतं, खरं पाणी. आणि बातमीच्या खाली चौकटीत १९३० टाका, किती शिकलेत ते टाकू नका. फसलेल्याचं वय आणि पगार पण कशाला हवाय तसं पाहिलं तर.

भाच्याला मी नंतर विचारलं की तू तो सिनेमा मुद्दाम दिलास ना. तो नाही म्हणाला, मला वाटलं तुम्हाला पत्ते आवडतात. हसला नाही, पण अंगठी नसलेलं बोट मात्र चोळत होता.

नाव आणि पत्ता सोबतच्या वेगळ्या कागदावर दिलाय, खात्रीसाठी फोन नंबर पण आहे, संध्याकाळी सहानंतर करा. नाव छापायचं की नाही यावर आम्हा दोघांचे दोन दिवस वाद झाले, ही म्हणते एवढं लांबलचक पत्र लिहिलंय तर छापू दे की. तूर्त छापू नका. मुलीच्या सासरी अजून सांगितलेलं नाही.

आपला,
एक निवृत्त बँक कर्मचारी, मिरज